निकषांचे दफ्तर

मुंबईच्या शेअरबाजारात आज पाच हजारांहून अधिक कंपन्यांची नोंदणी झालेली आहे, आणि त्यांपैकी बहुतेकींना दर तीन महिन्यांनी आपला जमाखर्च भागधारकांपुढे मांडावा लागतो. तिमाही संपल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत तिमाहीचे निकाल आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून साठ दिवसांच्या आत लेखापरीक्षित वार्षिक निकाल, अशी मुदत बाजार-नियामक सेबीच्या 2015 च्या नियमावलीने घालून दिली आहे. त्यामुळे ऑगस्ट, नोव्हेंबर आणि फेब्रुवारी यांच्या मध्यापर्यंत, आणि मे महिन्याच्या अखेरीस, आकड्यांचा एक महापूर बाजारात लोटतो. दिवाळी अंक घरोघर पोचतात त्या सुमारास सप्टेंबरअखेरच्या तिमाहीचे निकाल नेमके येत असतात. एखाद्या चिकाटीच्या गृहस्थाने प्रत्येक कंपनीच्या ताळेबंदास अवघा एक तास द्यावयाचे ठरविले आणि रोज आठ तास, सुट्टी न घेता, हेच काम केले, तरी पाच हजार कंपन्या संपावयास त्यास 625 दिवस लागतील. आणि तेवढ्या अवधीत किमान सहा नव्या तिमाह्यांचे निकाल येऊन त्याचे आरंभीचे वाचन शिळे झालेले असेल.

या अशक्य कामाचा भार ज्या संगणक-प्रणालींनी उचलला, त्यांना बाजारात ‘स्क्रीनर’ या सर्वसाधारण नावाने ओळखतात; त्याच नावाचे एक भारतीय संकेतस्थळ विशेष लोकप्रिय आहे, आणि टिकरटेप, ट्रेंडलाइन, चार्टइंक ही नावेही हौशी गुंतवणूकदारांच्या तोंडी असतात. आपण निकष सांगावेत आणि प्रणालीने त्या निकषांत बसणाऱ्या कंपन्यांची यादी क्षणार्धात पुढे ठेवावी, एवढेच या साधनाचे मूळ प्रयोजन. परंतु त्याच्या दोन अंगांकडे, म्हणजे केलेला शोध नाव देऊन जतन करण्याच्या सोयीकडे आणि यादीतील रकाने आपल्या मनाप्रमाणे मांडण्याच्या सोयीकडे, बहुतेकांचे दुर्लक्ष होते. आणि माझ्या मते या साधनाचे खरे सामर्थ्य नेमके त्या दोन दुर्लक्षित अंगांतच आहे. यादी कोणासही मिळते. ती यादी कोणत्या विचाराने मागितली होती आणि ती पाहताना डोळ्यांपुढे प्रथम काय ठेवले होते, याची लेखी नोंद मात्र फार थोड्यांजवळ असते.

ज्या शहरात हा बाजार वाढला, त्या शहरास नोंदीवाचून केलेल्या व्यवहारांचे फळ ठाऊक आहे. टाउन हॉलसमोरच्या झाडांखाली जमणाऱ्या दलालांनी 1875 साली आपली संस्था रीतसर स्थापन केली, तिच्या दहाच वर्षे आधी, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसास आलेला भाव युद्धाबरोबरच ओसरला आणि 1865 च्या उन्हाळ्यात मुंबईतील बँका, समुद्रात भरणी करणाऱ्या कंपन्या आणि मातब्बर पेढ्या एकामागून एक कोसळल्या. त्या तेजीत समभाग घेणाऱ्यांपैकी कितींनी त्या कंपन्यांचे हिशेब पाहिले असतील? पाहावयाचे म्हटले तरी आजच्यासारखे विहित नमुन्यातील, एकमेकांशी ताडून पाहता येण्याजोगे हिशेब तेव्हा उपलब्धच नव्हते. पुढे अमेरिकेत जॉन मूडी यांनी 1900 साली कंपन्यांच्या माहितीचा जाडजूड ग्रंथ काढला, आणि तो दरवर्षी नव्याने निघू लागला. वॉरन बफे यांनी तरुणपणी असे ग्रंथ पानोपान चाळून आपले समभाग शोधले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. म्हणजे चाळण्याचे काम जुनेच आहे. संगणकाने त्याची गती बदलली. त्यातील विवेकाचा भाग पूर्वी जेथे होता तेथेच, माणसापाशी, राहिला.

या विवेकास आकड्यांची शिस्त लावण्याचे श्रेय प्रामुख्याने बेंजामिन ग्रॅहम यांचे. डेव्हिड डॉड यांच्यासह 1934 साली लिहिलेल्या त्यांच्या ग्रंथात आणि 1949 च्या ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ या पुस्तकात त्यांनी एक आग्रह सातत्याने धरला, तो असा की, समभाग घेण्यापूर्वी आपल्या अटी ठरलेल्या असाव्यात आणि त्या मोजता येण्याजोग्या असाव्यात. सावध गुंतवणूकदारासाठी त्यांनी घालून दिलेल्या अटींत चालू मालमत्ता चालू देण्यांच्या दुप्पट असणे, गेल्या दहा वर्षांत एकही वर्ष तोट्याचे नसणे, वीस वर्षे लाभांश अखंड दिलेला असणे, आणि किंमत-उत्पन्न गुणोत्तर व किंमत-पुस्तकी मूल्य गुणोत्तर यांचा गुणाकार साडेबावीसाहून अधिक नसणे, यांचा समावेश होता. ही साडेबावीसाची अट पंधरा आणि दीड या दोन मर्यादांच्या गुणाकारातून आली, आणि तिच्यात एक व्यवहारी सवलत दडलेली आहे: कंपनी एका बाजूने थोडी महाग असली तरी दुसऱ्या बाजूने तितकीच स्वस्त असल्यास ती चालते. पुढे जोसेफ पिओट्रोस्की यांनी 2000 साली ताळेबंदाच्या नऊ कसोट्यांची गुणपद्धती मांडली, आणि जोएल ग्रीनब्लॅट यांनी 2005 साली भांडवलावरील परतावा व मिळकतीचा दर या दोहोंच्या क्रमांकांची बेरीज करून निवड करण्याची रीत लोकप्रिय केली. आजच्या प्रणालींत या सर्व थोरांच्या पद्धती तयार शोधांच्या स्वरूपात मांडून ठेवलेल्या आढळतात. एका कळीसरशी ग्रॅहम, दुसऱ्या कळीसरशी पिओट्रोस्की.

आपला स्वतःचा शोध लिहिणेही अवघड नाही. स्क्रीनर संकेतस्थळावर नवशिक्यास नमुन्यादाखल जे वाक्य दाखविले जाते, त्याचा आशय असा: बाजारमूल्य 500 कोटींहून अधिक, आणि किंमत-उत्पन्न गुणोत्तर पंधराहून कमी, आणि गुंतवलेल्या भांडवलावरील परतावा बावीस टक्क्यांहून अधिक. तीन अटी ‘आणि’ या शब्दाने जोडल्या, की पाच हजारांतून काही थोडकी नावे उरतात. या सोपेपणानेच पहिला धोका निर्माण होतो. कारण यंत्र आपल्या शब्दांचा अर्थ लावीत नाही, ते केवळ शब्दांची अंमलबजावणी करते.

उदाहरणार्थ, ‘किंमत-उत्पन्न गुणोत्तर पंधराहून कमी’ ही अट घ्या. एखाद्या कंपनीचे बाजारमूल्य 600 कोटी आहे आणि धंद्यातून होणारा वार्षिक नफा 20 कोटी आहे, असे समजा. गुणोत्तर तीस भरते आणि ती यादीबाहेर राहते. त्या वर्षी तिने आपली जुनी जमीन विकली आणि त्यातून 100 कोटींचा लाभ झाला, तर नफा 120 कोटी होतो, गुणोत्तर एकदम पाचावर येते, आणि हीच कंपनी ‘अत्यंत स्वस्त’ म्हणून यादीच्या शिरोभागी विराजमान होते. धंद्यात यत्किंचितही फरक पडलेला नाही. जमीन मात्र एकदाच विकता येते. ज्या मुंबईत गिरण्यांची धुराडी थंड झाल्यावर त्यांच्या जमिनींना सोन्याचे मोल आले, तेथील वाचकास हे उदाहरण विस्ताराने समजाविण्याची गरज नाही. याचा उपाय दोन प्रकारे करता येतो: शोधातच ‘इतर उत्पन्न’ नफ्याच्या ठरावीक हिश्शाहून कमी असावे अशी अट घालावी, किंवा यादीत इतर उत्पन्नाचा स्वतंत्र रकाना नफ्याला लागून मांडावा. मी दुसरा उपाय अधिक पसंत करतो, कारण अट कंपनीस गुपचूप वगळते, रकाना मात्र आपणांस विचार करावयास लावतो.

तोट्यातील कंपन्यांचा प्रश्न याहून चमत्कारिक. नफाच नसेल तर किंमत-उत्पन्न गुणोत्तर काही प्रणाली कोरे ठेवतात. परंतु जेथे ते ऋण संख्येच्या रूपात दाखल होते, तेथे उणे आठ हा आकडा पंधराहून कमी असल्याने तोट्यातील कंपनी राजरोस आत शिरते, आणि म्हणून ‘शून्याहून अधिक’ ही जोडअट घालणे आवश्यक ठरते. भागधारकांच्या निधीवरील परताव्याचे तर याहून विचित्र आहे. ज्या कंपनीचा सारा राखीव निधी तोट्यात बुडून निव्वळ मूल्य उणे 50 कोटी झाले आहे आणि जिला यंदाही 10 कोटींचा तोटा झाला आहे, तिच्या बाबतीत उणे दहास उणे पन्नासाने भागले असता उत्तर अधिक वीस टक्के येते. आणि बुडत्या कंपनीस गणिताच्या नियमाने उत्तम परताव्याचे प्रशस्तिपत्र मिळते. वाढीच्या दराचीही तीच कथा. गतवर्षी एक लाखाचा नफा आणि यंदा एक कोटीचा, म्हणजे वाढ 9,900 टक्के. आकडा खरा, अर्थ शून्य. ज्याने असे प्रसंग एकेकदा ताडून पाहिले नाहीत, त्याने आपला शोध जतन करण्याची घाई करू नये, कारण जतन केलेला दोष दर तिमाहीस नव्याने फळतो.

काही धंद्यांना सरसकट निकष लावणेच अन्यायाचे आहे. कर्ज स्वनिधीच्या निम्म्याहून कमी असावे, ही अट कारखान्यास शोभते. परंतु तीच अट लावताच देशातील एकूण एक बँक यादीतून नाहीशी होते, कारण ठेवी हा बँकेचा कच्चा माल आहे आणि हिशेबाच्या दृष्टीने ठेव म्हणजे देणेच. पुण्यात 1935 साली स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र असो वा कालपरवाची लघुवित्त बँक, तिला जोखावयाचे तर बुडीत-संशयित कर्जांचे प्रमाण, चालू व बचत खात्यांतील ठेवींचा वाटा, भांडवल-पर्याप्तता आणि एकूण मालमत्तेवरील परतावा हेच रकाने हवेत. पोलाद, साखर यांसारख्या चढउताराच्या धंद्यांत तर निकष उलटाच पडतो: तेजीच्या शिखरावर नफा फुगलेला असतो, म्हणून गुणोत्तर सर्वांत कमी दिसते, आणि मंदीच्या तळाशी, जेव्हा खरेदीचा विचार करावा, तेव्हा नफा आटल्याने तेच गुणोत्तर आकाशास भिडते. अशा ठिकाणी एका वर्षाचा आकडा टाकून सात किंवा दहा वर्षांची सरासरी घ्यावी. म्हणजेच एक सार्वत्रिक शोध लिहून स्वस्थ बसणे शक्य नाही. उत्पादक कंपन्यांसाठी एक, बँकांसाठी दुसरा, चक्राकार धंद्यांसाठी तिसरा, असे निदान तीन शोध आणि त्यांना अनुरूप तीन वेगळ्या मांडण्या गुंतवणूकदाराच्या दफ्तरी असाव्या लागतात.

मांडणीचा विषय निघाला, म्हणून थोडे थांबून तिच्याविषयी सविस्तर लिहितो, कारण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्क्रीनरवर आपण काहीही न बदलता शोध घेतला, तर यादीत सर्वसाधारणतः पुढील रकाने दिसतात: चालू भाव, किंमत-उत्पन्न गुणोत्तर, बाजारमूल्य, लाभांशाचा दर, तिमाहीचा निव्वळ नफा, त्या नफ्यातील वाढघट, तिमाहीची विक्री, त्या विक्रीतील वाढघट, आणि अखेर भांडवलावरील परतावा. या नऊ रकान्यांपैकी चार केवळ सरत्या तिमाहीविषयी बोलतात. ज्याने आपल्या अटींत दहा वर्षांचा विचार केला, त्याचा डोळा यादी पाहताक्षणी नव्वद दिवसांच्या चढउतारावर खिळतो, आणि मन नकळत त्या आकड्यांच्या मागे जाते. पहिला रकाना भावाचा, आणि भाव हा तर एकटा असता काहीच सांगत नाही: एमआरएफचा समभाग जून 2023 मध्ये लाखाच्या वर गेला म्हणून तो महाग ठरत नाही आणि दहा रुपयांस मिळणारा समभाग त्या कारणाने स्वस्त ठरत नाही. प्रणालीने दिलेली ही मांडणी वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. ती कोणा सरासरी माणसासाठी केलेली आहे, आणि आपला विचार सरासरीचा नसेल तर मांडणीही आपलीच असावयास हवी. रकाने बदलण्याची, त्यांचा क्रम लावण्याची, आणि नसलेले गुणोत्तर स्वतः सूत्र लिहून निर्माण करण्याची मुभा तेथेच दिलेली आहे.

माझी स्वतःची मांडणी अशी आहे. पहिल्या रकान्यात दहा वर्षांचा सरासरी भांडवली परतावा, दुसऱ्यात एक स्वनिर्मित गुणोत्तर, ते म्हणजे गेल्या पाच वर्षांत धंद्यातून प्रत्यक्ष हाती आलेली एकूण रोकड भागिले त्याच पाच वर्षांचा एकूण निव्वळ नफा, तिसऱ्यात कर्ज, चौथ्यात इतर उत्पन्न, पाचव्यात प्रवर्तकांनी तारण ठेवलेल्या समभागांचे प्रमाण, आणि किंमत-उत्पन्न गुणोत्तर मी मुद्दाम शेवटी ठेवतो. धंदा कसा आहे हे ठरल्यानंतरच तो कोणत्या किमतीस मिळतो ते पाहावे, हा त्यामागचा हेतू. दुसऱ्या रकान्याचे महत्त्व विशेष आहे. नफा हा लेखापालाच्या निर्णयांतून सिद्ध होतो: घसारा किती धरावा, उधारीवरची विक्री केव्हा जमा धरावी, मालाचा साठा कोणत्या किमतीस लावावा. रोकड मात्र येते किंवा येत नाही. पाच वर्षांत शंभर कोटींचा नफा दाखविणाऱ्या कंपनीच्या हाती धंद्यातून जेमतेम तीस कोटी आले असतील, तर उरलेले सत्तर कोटी कोणाकडे येणे आहेत, हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. एका वर्षाचा हा आकडा फसवू शकतो, वाढत्या कंपनीचे भांडवल साठ्यात व उधारीत अडकते हे मान्य. म्हणूनच पाच वर्षांची बेरीज.

या रकान्यांपैकी कित्येकांच्या पाठीमागे कायद्याचा इतिहास उभा आहे, आणि तो ठाऊक असला की आकडा वाचण्याची रीत बदलते. मूळ कंपनी व तिच्या उपकंपन्या यांचा एकत्रित हिशेब मांडण्याचे लेखामानक आपल्याकडे 1 एप्रिल 2001 पासून लागू झाले. त्याआधीच्या वर्षांशी आजची तुलना करताना एका बाजूस एकटे घर आणि दुसऱ्या बाजूस अवघे कुटुंब मोजले जाण्याचा संभव असतो. भाडेपट्ट्याविषयीचे नवे मानक 1 एप्रिल 2019 पासून अमलात आले आणि दुकाने, विमाने, गोदामे दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेणाऱ्या कंपन्यांच्या ताळेबंदात एका रात्रीत देणी वाढलेली दिसू लागली. ज्याच्या शोधात कर्जाची कडक अट होती, त्याच्या यादीतून त्या वर्षी काही कंपन्या गळाल्या असतील, आणि तरी त्यांनी एक रुपयाचेही नवे कर्ज काढलेले नसेल. आणि प्रवर्तकांच्या तारणाचा रकाना? तो तर एका महाघोटाळ्याने आपल्या पदरी टाकला.

7 जानेवारी 2009 रोजी हैदराबादच्या सत्यम कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळास पत्र लिहून कबूल केले की, ताळेबंदात दाखविलेल्या 5,361 कोटी रोख व बँक शिलकीपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नाहीत. सप्टेंबर 2008 च्या तिमाहीत 649 कोटींचा म्हणून जाहीर केलेला कार्यनफा वस्तुतः 61 कोटींचा होता. त्याच महिन्यात सेबीने प्रवर्तकांचे तारण ठेवलेले समभाग जाहीर करणे बंधनकारक केले, आणि आज आपण एका कळीने जो रकाना यादीत आणतो तो तेव्हापासूनचा. आता क्षणभर कल्पना करावी की, डिसेंबर 2008 मध्ये कोणा अभ्यासकाने माझ्याच निकषांचा शोध चालविला. विक्री वाढती, नफ्याचे प्रमाण भक्कम, रोकड विपुल: सत्यमचे नाव त्याच्या यादीत सन्मानाने आले असते. रोकड खरी की खोटी हे ताडून पाहण्यासाठी कोणी व्याजाचे उत्पन्न शिलकीशी जुळवून पाहतात, ती युक्ती चांगली आहे. परंतु त्याच कबुलीपत्रात 376 कोटींच्या अस्तित्वात नसलेल्या जमा व्याजाचाही उल्लेख आहे. म्हणजे त्या वाटेवरही काळजी घेतलेली होती. प्रणाली आकडे तपासते. आकडे देणाऱ्याचा प्रामाणिकपणा तपासणे तिच्या कक्षेत नाही. म्हणून यादीत आलेल्या प्रत्येक नावाच्या वार्षिक अहवालात लेखापरीक्षकाचे शेरे, संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार आणि संभाव्य देण्यांची टीप ही तीन प्रकरणे डोळ्यांखालून घातल्यावाचून एकही समभाग घेऊ नये, असे मला निक्षून सांगावेसे वाटते.

ठाण्यातील माझ्या परिचयाचे एक वडीलधारे गृहस्थ राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या संगणकावर मोजकेच शोध जतन केलेले आहेत, परंतु प्रत्येकासाठी एका जाड वहीत स्वतंत्र पान आहे. शोध कोणत्या तारखेस लिहिला, प्रत्येक अट का घातली, आणि पुढे एखादी अट बदलली तर कोणत्या कारणाने, याची त्या पानावर स्वच्छ अक्षरांत नोंद असते. नव्याने यादीत आलेल्या कंपनीकडे ते लगेच वळत नाहीत. बाहेर गेलेल्या नावांवर आधी बोट ठेवतात. याचे कारण विचारता ते म्हणाले, “अहो, नवा कर्जदार दारात उभा राहिला की साऱ्यांचे लक्ष जाते. जुना हप्ते चुकवू लागला, हे ज्याच्या आधी लक्षात येते तो खरा अधिकारी.” प्रणाली नव्या नावाची वर्दी ई-मेलने पाठविते, गेलेल्या नावाची रुजवात मागल्या यादीशी आपली आपण घालावी लागते, आणि त्यासाठी दर तिमाहीची यादी उतरवून तारखेसह ठेवणे हाच एक मार्ग आहे.

वहीतील तारखेचे महत्त्व मला त्यांच्यामुळे अधिक उमगले. मनुष्यस्वभाव असा आहे की, एखादी कंपनी आधी आवडते आणि तिला आत घेण्याजोगे निकष मागाहून सुचतात. पंधरा टक्के परताव्याची अट आहे आणि आवडती कंपनी चौदा टक्क्यांवर अडली, तर बोटे सहज सरकतात आणि पंधराचे चौदा होतात. मग दुसऱ्या कोणासाठी कर्जाची मर्यादा सैल होते. आणि वर्षअखेर निकष म्हणून जे शिल्लक राहते ते केवळ आपल्या आवडीनिवडीचे आकड्यांत केलेले भाषांतर असते. पंधरा ही संख्या काही श्रुतिवचन नव्हे, चौदा पूर्णांक नऊ दशांशाची कंपनी वाईट आणि पंधराची चांगली असे कोणी म्हणणार नाही. परंतु मर्यादा बदलावयाचीच असेल, तर ती नावे पाहण्यापूर्वी बदलावी, सर्वांसाठी बदलावी, आणि बदलाचे कारण लिहून ठेवावे. शोध जतन करण्याच्या सोयीचा खरा उपयोग येथे आहे. तो वेळ वाचवितो हे खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, तो आपल्या कालच्या बुद्धीस आजच्या मोहापुढे साक्षीदार म्हणून उभा करतो.

दुसऱ्यांनी जतन करून सर्वांस खुले केलेले शोधही तेथे विपुल आहेत, आणि ते पाहण्यात गैर काही नाही. अटी कशा रचतात हे त्यांवरून शिकता येते. दहा वर्षे सलग विक्रीची वाढ दहा टक्के आणि भांडवली परतावा पंधरा टक्के, हा सौरभ मुखर्जी यांच्या 2018 च्या पुस्तकाने प्रसिद्धीस आणलेला ‘कॉफी कॅन’ निकष त्यांतलाच. मूळ कल्पना रॉबर्ट कर्बी यांनी 1984 साली मांडली. परंतु उसन्या निकषात एक उणीव राहतेच: भाव तीस टक्क्यांनी पडला की त्या निकषावरचा विश्वासही उसनाच असल्याचे ध्यानी येते. आणखी एक सावधगिरी अशी की, ‘हा शोध दहा वर्षांपूर्वी लावला असता तर अमुक पट झाले असते’ अशी गणिते मांडली जातात, तेव्हा ती यादी दहा वर्षांपूर्वीच्या सर्व कंपन्यांतून काढली आहे की आज जिवंत असलेल्या कंपन्यांतून, हे प्रथम विचारावे. ज्या बुडाल्या, ज्यांची नोंदणी रद्द झाली, त्या आजच्या नोंदवहीत नाहीत. आणि वाचलेल्यांचीच शर्यत लावली तर सारेच जिंकलेले दिसतात.

हे सर्व एवढ्या विस्ताराने लिहिण्याचे कारण आपल्या समाजाच्या सद्यःस्थितीत आहे. ठेवी, विमा, सोने आणि एखादी सदनिका यांपलीकडे न जाणारा मराठी मध्यमवर्ग गेल्या काही वर्षांत मोठ्या संख्येने या बाजारात उतरला. देशातील डीमॅट खात्यांची संख्या ऑगस्ट 2022 मध्ये दहा कोटींच्या वर गेली आणि त्यानंतरही ती वाढतच राहिली. राज्यवार गुंतवणूकदारांच्या गणनेत महाराष्ट्र अग्रभागी आहे. हे स्वागतार्हच आहे. परंतु याच काळात मोबाइलवरून फिरणाऱ्या ‘टिपां’वर आणि वायदेबाजाराच्या सट्ट्यावर विसंबणाऱ्यांचे काय झाले, तेही सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नमूद आहे: 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत समभागांच्या वायदे-विकल्प व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला, आणि तोट्याची एकूण रक्कम 1 लाख 80 हजार कोटींहून अधिक भरली. ही रक्कम घराघरांतून गेलेली आहे. एकीकडे पूर्वी केवळ मोठ्या पेढ्यांना परवडणारी माहिती आज विद्यार्थ्यास विनामूल्य मिळते, आणि दुसरीकडे ती न पाहता कोणा अनोळखी माणसाच्या एका ओळीच्या निरोपावर आयुष्याची शिल्लक लावली जाते, हे पाहून मनास क्लेश होतात. ‘कोणता शेअर घेऊ?’ या प्रश्नाची जागा ‘माझे निकष कोणते?’ या प्रश्नाने घेतली असती, तर त्या 93 टक्क्यांपैकी कित्येकांची पुंजी वाचली असती, अशी माझी प्रामाणिक धारणा आहे.

वाचकांस एवढीच विनंती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शेअरबाजारात मुहूर्ताचे सौदे होतात, आणि त्या सुमारे तासाभरात शकुन म्हणून काही तरी घेण्याची प्रथा अनेक घरांत रुजली आहे. यंदा खरेदीपूर्वी एक कोरे पान घ्यावे, आपण कोणत्या प्रकारच्या धंद्यात भागीदार होऊ इच्छितो ते तीन-चार अटींत लिहावे, प्रत्येक अटीपुढे तिचे कारण लिहावे, पानावर तारीख घालावी, आणि मगच तो शोध संगणकावर नाव देऊन जतन करावा. रकाने स्वतः मांडावेत. सप्टेंबरअखेरच्या तिमाहीचे निकाल 14 नोव्हेंबरपर्यंत पूर्ण येतात, त्यानंतर पहिली यादी उतरवून ठेवावी. आणि मार्चअखेरच्या लेखापरीक्षित हिशेबांची मुदत 30 मे रोजी संपते, त्यानंतर तोच शोध, एकही अट न बदलता, पुन्हा चालवून दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचाव्यात.